काळ्या आईच्या पोटात डबर

घरामागे दहा फूट लांब आणि तीन फूट रुंद असा एक वाफा करायचा होता. त्या एका वाफ्यातून काय काय निघालं ते आधी सांगते. विटांचे तुकडे अकरा घमेली. फरशीचे कोपरे चार घमेली. बाइंडिंगच्या तारेचं भेंडोळं, गंजून मातीला चिकटलेलं. रंगाचा डबा, तळाचा रंग अजून ओला. भिजून गोणीसकट दगड झालेलं सिमेंट. पाइपचे तुकडे, गुटख्याच्या पुड्या, एका लहान मुलाची चप्पल. आणि पावणेदोन फुटांवर, जिथे पहार टणकन उडाली, तिथे काँक्रीटचा थर. मिक्सर धुतल्यावर उरलेला माल कुणीतरी तिथेच ओतून दिला होता. तो पसरला, घट्ट झाला, त्यावर हे डबर टाकलं, वर चार बोटं माती लोटली आणि ही जागा ‘बागेसाठी मोकळी सोडलेली’ म्हणून मला विकली. मी याला फसवणूक म्हणते. दुसरा शब्द वापरायची माझी तयारी नाही.

हा प्लॉट राहुरीत आहे, नगर-मनमाड रस्त्यापासून थोडा आत. दहा वर्षांपूर्वी इथे ऊस उभा होता. त्या उसाला मुळा धरणाच्या कालव्याचं पाणी होतं आणि बांधावर शेवगा होता. लहानपणी मी त्याच बांधावरून शाळेत गेले आहे. त्याच जमिनीत मेथीची जुडी पिकवायला आज माझे तळहात सोलून निघतात, आणि शेजारीपाजारी मला सांगतात, “अहो, इथल्या जमिनीत काही येत नाही. कुंड्या ठेवा.”

इथल्या जमिनीत काही येत नाही! हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. ज्या जमिनीने तीन पिढ्या ऊस दिला, गहू दिला, कांदा दिला, तिच्यावर हा आळ कुणी घेतला? तिच्या पोटात डबर भरणाऱ्यांनी. आणि बाकीच्यांनी तो खरा मानला, कारण कुदळ हातात घेऊन दोन फूट खाली पाहायची कुणाची इच्छा नाही.

राहुरीची काळी जमीन सोपी आहे असं मी म्हणत नाही. कातळ झिजून झालेली ही माती, तीत चिकणमातीचा वाटा निम्म्याच्या आसपास, खोल जमिनीत त्याहून जास्त. पाणी लागलं की फुगते, वाळली की आकसते. एप्रिल-मे महिन्यात मनगटापर्यंत हात जाईल अशा भेगा पडतात. ओली असताना प्रत्येक घावाला कुदळीवर लोंदा चढतो आणि तो खुरप्याने खरवडून काढल्याशिवाय दुसरा घाव घालता येत नाही. वाळल्यावर तीच कुदळ उडून नडगीवर येते. चुनखडी भरपूर, सामू आठाच्या वर. जमिनीत लोह असतं पण मुळांना मिळत नाही, मग पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ऊसवाले याला केवडा म्हणतात. हिराकस शेणखतात मुरवून दिलं की हळूहळू फरक पडतो. त्यात हराळी, आणि हराळीहून वाईट लव्हाळा. लव्हाळ्याच्या गाठी माळेसारख्या खाली खाली गेलेल्या असतात. कुदळीने तोडल्या की एकीच्या चार होतात, म्हणून त्या बोटांनी चाचपून, सबंध माळच ओढून काढावी लागते. एका वाफ्याला दोन दिवस फक्त यासाठी.

पण हा सगळा अवघडपणा सरळ आहे. त्याला नियम आहेत आणि ते नियम इथल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या घरात तोंडपाठ आहेत. त्यातला पहिला शब्द वाफसा. पाऊस किंवा पाणी झाल्यावर माती ना चिखल ना ढेकूळ अशी ज्या दिवसांत असते, तो वाफसा. मूठभर माती घ्यायची, लाडू वळायचा, कमरेच्या उंचीवरून सोडायचा. पडून फुटला तर कुदळ उचला, चपटा होऊन बसला तर घरात जा. काळ्या जमिनीला ही सवड थोडीच मिळते, पावसाळ्यात कधी कधी दोन दिवससुद्धा नाही. ते दिवस चुकले की पुढचा पाऊस होईपर्यंत थांबायचं. जमिनीशी हुज्जत घालून उपयोग नसतो.

मी पहिल्या वर्षी ही चूक केली आणि ती पूर्णपणे माझी होती. मृगाचा जोराचा पाऊस झाल्यावर दुसऱ्याच दिवशी उत्साहाने खोदायला घेतलं, चिखल तुडवला, वाफ्याला आकार दिला. महिनाभर पाऊस ओढला तेव्हा त्या वाफ्याची अक्षरशः वीट झाली. सासूबाई मागच्या दारात उभ्या राहून बघत होत्या. “वाफसा तरी पाहिलास का गं?” एवढंच विचारलं. पुढच्या वर्षी त्यांनी सांगितलं तसं केलं. मार्चमध्ये मोठमोठी ढेकळं काढून उन्हात उलटी टाकली, हातोड्याने फोडायच्या नादाला लागले नाही. मेमध्ये एक वळीव झाला आणि डोक्याएवढी ढेकळं चहात बुडवलेल्या टोस्टासारखी जागच्या जागी विरली. ज्या कामासाठी मी आठवडाभर कंबर मोडून घेतली असती ते एका सरीने केलं. या मातीच्या भेगासुद्धा उगाच नसतात. वरची बारीक माती त्यांत पडते, पावसाळ्यात खालची फुगून वर सरकते, वर्षानुवर्षं ही जमीन स्वतःच स्वतःला उलथत असते. अशा मातीला नापीक म्हणणाऱ्याने आधी तिच्याजवळ एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढावा.

आता ‘एका रविवारात परसबाग’ विकणाऱ्यांकडे वळते. मोबाइल उघडला की एक स्वच्छ कपड्यातली व्यक्ती स्वच्छ फावडं घेऊन भुसभुशीत तपकिरी मातीत हसत हसत वाफा करताना दिसते. ती माती कुठली? पिशवीतून ओतलेली. दहा बाय तीनचा वाफा एक फूट खोल खोदला तर तीस घनफूट माती हलते. काळी माती वाळलेली धरली तरी तिचं वजन टनाच्या पुढे जातं. वीस किलोचं एक घमेलं धरलं तर पंचावन्न ते साठ घमेली भरायची, उचलायची, बाजूला टाकायची, खत मिसळायचं आणि पुन्हा आत लोटायची. म्हणजे दोन टनांहून जास्त उचल झाली, एका वाफ्यासाठी. चौघांच्या घराला पालेभाजी पुरवायला असे चार-पाच वाफे लागतात. हे आकडे त्या व्हिडिओत कधी येत नाहीत. खोदकाम म्हणजे मनाचा ताण घालवणारा हलका व्यायाम, असं तिथे सांगतात तेव्हा मला संताप येतो, कारण या जिल्ह्यात खोदकाम म्हणजे काय ते लोकांनी 1972 च्या दुष्काळात पोटाला चिमटा घेऊन पाहिलं आहे. पाझर तलावांवर, रस्त्यांच्या कामावर बाया मुलं कडेवर घेऊन घमेली वाहत होत्या. पुढे रोजगार हमीचा कायदा झाला. सरकारी दरपत्रकातसुद्धा मऊ माती, कठीण मुरूम आणि खडक यांचे खोदाईचे दर वेगवेगळे असतात. सरकारला कळतं की सगळी जमीन सारखी खोदली जात नाही. या हसऱ्या उपदेशकांना एवढंही कळू नये?

त्यांची दुसरी खोड म्हणजे उंच चौकटी. फळ्या किंवा विटा लावून कमरेएवढी पेटी करा, तीत माती भरा, झाली बाग. थंड आणि भरपूर पावसाच्या देशांत याला अर्थ आहे. तिथली जमीन लवकर गरम व्हायला हवी असते आणि जास्तीचं पाणी निघून जायला हवं असतं. राहुरीत वर्षाला पाऊस जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि मे महिन्यात पारा चाळिशीच्या पार. इथे उन्हाळ्यात उंच पेटी चारी बाजूंनी तापते आणि सकाळी घातलेलं पाणी दुपारपर्यंत टिकत नाही. आमच्याकडचे लोक मूर्ख नव्हते. पावसाळ्यात रोपं करायची तेव्हा गादीवाफा, तीन मीटर लांब, एक मीटर रुंद, वीतभर उंच, म्हणजे मुळाशी पाणी साचून रोप सडत नाही. फळभाजीला सरी-वरंबा. उन्हाळ्यात मेथी-कोथिंबिरीला सपाट वाफा, चहूबाजूंनी वीतभर वरंबा आणि आत पाणी धरून ठेवणारी खोलगट जमीन. वेलांना आळं. ऋतू बदलला की वाफ्याचा आकार बदलायचा. हे शहाणपण शेजारच्या शेतात उघड्यावर पडलेलं असताना आम्ही हजारो रुपयांच्या पेट्या मागवतो आणि भाजी करपली की पुन्हा दोष कुणाला देतो? जमिनीलाच.

पण पेटीवाले निदान वरवरचं नुकसान करतात. खरा गुन्हा खाली झालेला आहे, आणि तो करणाऱ्यांना कुणी गुन्हेगार म्हणत नाही.

काळ्या जमिनीवर घर बांधायचं तर फुगणारी माती काढून मुरूम भरावा लागतो, नाहीतर भिंती तडकतात. हे बरोबर आहे. घराच्या पायाखाली मुरूम हवाच. माझा प्रश्न इतकाच आहे की पायातून निघालेली काळी माती जाते कुठे, आणि पायाच्या बाहेरची जमीन का मारली जाते? आमच्या प्लॉटवर काय झालं ते मला ट्रॅक्टरवाल्याने सांगितलं. फूट-दीड फूट वरची माती ट्रॉल्या भरभरून उचलली. काही वीटभट्टीला गेली, काही दुसऱ्याच्या शेतात विकली गेली. त्या जागी आजूबाजूच्या कामांचं डबर पडलं, त्यावर मुरूम, त्यावर रोलर, आणि गिऱ्हाईक यायच्या आधी वर काळ्या मातीचा चार बोटं थर, मुडद्यावर चादर घालावी तसा. आमचे पहारवाले मामा गेली तीस वर्षं विहिरी आणि पाये खोदत आले आहेत. पहिल्या दिवशी तीन ठिकाणी पहार मारून त्यांनी ती खाली ठेवली. “ताई, हितं माती न्हाई. नुसता भराव हाये. तुमाला माती पायजे आसंल तर ती इकत आणावी लागंल.” ऊस पिकवणाऱ्या गावात, उसाच्याच रानात, माती विकत आणायची. मी आणली. एक ट्रॉली पोयटा. तो कुठल्या तरी ओढ्याकाठून किंवा कुणाच्या तरी रानातून खरवडलेला असणार, हे मला माहीत आहे आणि ते मला आजही खुपतं. माझी जमीन कुणीतरी विकली म्हणून मी दुसऱ्याची विकत घेतली.

महसूल खात्याच्या भाषेत माती आणि मुरूम यांना गौण खनिज म्हणतात. त्याचं स्वामित्वधन ठरतं, पावती फाटते, चोरून वाहतूक झाली तर ट्रॅक्टर अडवतात. भाव ठरतो तो ब्रासवर. तिच्यात काय जगतं, ती तयार व्हायला किती शतकं लागली, याला त्या हिशेबात रकाना नाही. बोटभर जाडीची सुपीक माती तयार व्हायला माणसाच्या कित्येक पिढ्या जातात आणि एक जेसीबी ती एका दुपारी उचलतो. तिला गौण म्हणणारा शब्द ज्याने काढला त्याने खाण पाहिली असेल, शेत पाहिलं नसेल.

बांधकामाच्या राड्यारोड्यासाठी नियम नाहीत असंही नाही. केंद्र सरकारने 2016 मध्येच स्वतंत्र नियम काढले. ज्याचा राडा त्याने तो वेगळा ठेवायचा, ठरलेल्या जागी पोचवायचा, इकडे तिकडे टाकायचा नाही. महानगरांत त्याचं थोडंफार पालन होतं. तालुक्याच्या गावात राड्याची ठरलेली जागा एकच असते, पुढच्या प्लॉटचा खड्डा. हे सगळ्यांना माहीत आहे. बांधणाऱ्याला, विकणाऱ्याला, नकाशा मंजूर करणाऱ्याला. जागा घेणाऱ्यालाही बहुतेक वेळा माहीत असतं, फक्त त्याला मागच्या अंगणाशी देणंघेणं नसतं. तो पेव्हर ब्लॉक टाकून मोकळा होतो. मग पावसाचं पाणी दाबलेल्या मुरमावरून आणि ब्लॉकवरून वाहत रस्त्यावर येतं, आणि मेमध्ये बोअर आटली की तेच लोक टँकरची वाट बघत उभे राहतात.

बोअरचं पाणी हा आणखी एक छळ. आमचं पाणी मचूळ आहे. त्या पाण्यावर दोन महिने वाफा भिजवला की कडेला पांढरी खपली येते आणि कोथिंबिरीची पानं टोकाकडून जळतात. कालव्याच्या मुबलक पाण्याने आणि निचरा न ठेवल्याने या पट्ट्यातल्या कितीतरी जमिनी खारवट आणि चोपण झाल्या, ही जुनी कहाणी आहे. त्यातून शहाणं होऊन निदान घरामागच्या चार वाफ्यांना तरी खाली निचरा मिळावा. पण खाली काँक्रीटचा थर असेल तर क्षार जातील कुठे? ते वरच येणार. म्हणून मी तो थर फोडते आहे. माझी हौस म्हणून फोडत नाही.

मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे की हे राहुरीत घडतं. इथे 1968 साली कृषी विद्यापीठ आलं, ज्याला महात्मा फुल्यांचं नाव आहे. हिरकणी कारलं, हिमांगी आणि फुले शुभांगी काकडी, धनश्री आणि भाग्यश्री टोमॅटो, ही नावं महाराष्ट्रभरच्या मळ्यांत पोचली ती या विद्यापीठातून. इथे माती तपासून मिळते, नमुना कसा घ्यायचा ते सांगणारी माणसं आहेत: व्हीच्या आकाराचा खड्डा, वीतभर खोल, कडेची माती, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे, शेवटी अर्धा किलो उरवायची. आणि ज्या जोतीरावांचं नाव विद्यापीठाच्या कमानीवर आहे त्यांनी 1883 साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये डोंगरावरून वाहून येणारं सत्त्व शेतात अडावं म्हणून बांध घाला, त्या कामाला लष्कर आणि पोलीस लावा, असं सरकारला ठणकावलं होतं. पावसाने वाहून जाणाऱ्या मातीसाठी ज्या माणसाचा जीव तुटत होता, त्याच्या नावाच्या विद्यापीठाच्या गावात आम्ही माती ट्रॉलीत भरून घालवतो आणि बदल्यात फुटक्या फरश्या पुरतो. मला याची लाज वाटते. इथे राहणाऱ्या प्रत्येकाला वाटली पाहिजे.

याच जिल्ह्यात, अकोल्याच्या डोंगरात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे आहेत. देशी बियाणं जपण्यासाठी त्यांना 2020 चा पद्मश्री मिळाला. त्यांचा फोटो भिंतीवर लावणारे खूप झाले. पण बी जपायचं म्हणजे दरवर्षी ते पेरावं लागतं, आणि पेरायला जमीन लागते. बियांच्या पुड्या वाटून फोटो काढणाऱ्यांना मी विचारते, ते बी मी लावू कुठे? डबरात?

सासूबाईंचं जुनं घर गावठाणात होतं. मागे जेमतेम अर्धा गुंठा परस. न्हाणीचं पाणी एका दगडी दांडाने बाहेर यायचं, आधी अळूला, मग केळीला, उरलेलं कर्दळीत जिरायचं. भांडी राखेने घासली जायची, ते पाणीही तिकडेच. कुडावर दोडका, कोपऱ्यात शेवगा, उकिरड्याच्या कडेला आपोआप उगवलेला भोपळा. त्या घरात परसबाग ‘केली’ असं कुणी कधी म्हटलं नाही. घर बांधताना परस शाबूत ठेवायचं असतं, एवढंच सगळ्यांना कळत होतं. त्या परसात मी लग्नानंतर पहिल्यांदा खुरपं चालवलं तेव्हा ते मुठीपर्यंत आत गेलं आणि ओल्या मातीचा जो वास आला तो मला आज या प्लॉटवर चार वर्षं राबून एकदाही आलेला नाही. इथे खोदलं की सिमेंटचा वास येतो.

म्हणून मला ‘छंद जोपासा’ सांगू नका, कुंड्या आणि कोकोपीट सुचवू नका. मला पाहिजे ते साधं आहे. बांधकामाला परवानगी देताना वरची फूटभर माती त्याच प्लॉटच्या कोपऱ्यात ढीग करून ठेवायची आणि काम झाल्यावर तिथेच पसरायची, अशी अट घाला. भोगवट्याचा दाखला देण्याआधी मागच्या अंगणात तीन ठिकाणी दोन-दोन फूट पहार मारून बघा. पहार उडाली तर दाखला अडवा. त्याला ना प्रयोगशाळा लागते, ना यंत्र. मामांसारखा एक माणूस आणि पाच मिनिटं पुरतात. आणि जागा घेणाऱ्यांनो, टाइल्सचा रंग आणि मॉड्युलर किचन बघायला दहा खेपा घालता, त्यातल्या एका खेपेला पहार बरोबर न्या. विकणारा चिडेल. तो का चिडला ते तिथेच कळेल.

चार वर्षांत माझे अडीच वाफे झाले आहेत. पहिल्यात मेथी आणि चुका, दुसऱ्यात वांगी, आणि तिसरा अर्धा. तिसऱ्याच्या उत्तरेच्या टोकाला तो काँक्रीटचा थर दीड फूट जाड आहे. परवा घणाने एक तुकडा निघाला, त्याच्या खाली पहिल्यांदा खरी काळी दिसली, ओलसर, तिच्यात एक जुनं उसाचं मूळ अजून शाबूत होतं. मामा उद्या सकाळी सातला घण घेऊन येणार आहेत. काल रात्री पाऊस झाला आहे, पण थर फोडायला वाफसा लागत नाही.